पेटीतलं ‘जंगल बुक’ तोकडं का वाटतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या साखळीच्या घरातली जुनी पेटी उघडली, तर त्यात मुखपृष्ठ गेलेलं ९६ पानी मराठी ‘जंगल बुक’, एक इसापनीती, एक बालपंचतंत्र आणि चांदोबाचे काही सुटे अंक निघाले. शेहेचाळिसाव्या वर्षी हौसेनं वाचायला घेतले, तर जंगल बुक तुटक वाटलं, पंचतंत्र क्रूर वाटलं आणि इसापनीती दहा गोष्टींनंतर हातातून सुटली. वर कसर लागलेली. ‘मी मोठा झालो म्हणून असं होतंय, की पुस्तकं मुळात एवढीच होती?’ असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते दोन्ही नाही. तुमच्या हातात मूळ पुस्तकं आलेलीच नाहीत. तेव्हाही नव्हती, आताही नाहीत. आपल्याकडे साठ ते नव्वदच्या दशकांत वाढलेल्या बहुतेकांनी या गोष्टी संक्षेपात वाचल्या, राहिलेल्या जागा दूरदर्शननं भरल्या आणि या सगळ्याची मिळून एक आठवण तयार झाली. ती आठवण घेऊन तुम्ही परत त्याच संक्षेपाकडे गेलात. तो तुमच्या आठवणीपेक्षा लहान निघणारच.

म्हणून पहिलं काम ओळख पटवण्याचं. ग्रंथालयाच्या टेबलावर असं पुस्तक आलं की मी गोष्ट वाचण्याआधी मुखपृष्ठाच्या आतलं दुसरं-तिसरं पान पाहतो. तिथे ‘अनुवाद’ आहे, ‘रूपांतर’ आहे, ‘स्वैर अनुवाद’ आहे, ‘संक्षिप्त’ आहे की नुसतंच ‘आधारित’, यावर सगळं ठरतं. अनुवादात काही गाळायचं नाही असा निदान संकेत असतो. रूपांतरात नावं, गावं, जेवणखाण बदललेलं चालतं. ‘आधारित’ म्हणजे लेखकाला मोकळं रान. तुमच्या प्रतीचं ते पान गेलंय, तेव्हा पानांच्या हिशोबावर जाऊ. किपलिंगचं मूळ ‘जंगल बुक’ (१८९४) सुमारे पन्नास हजार शब्दांचं आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्दसंख्या थोडी घटते. तरी डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या, आकारात नेहमीच्या टायपात ते दीडशे पानांच्या फारसं खाली येत नाही. टाइप किती बारीक, चित्रं किती, यावर दहा-वीस पानं इकडेतिकडे. पण ९६ पानं आणि तीही चित्रांसकट? एक तृतीयांशाहून अधिक मजकूर गेला असं धरून चाला.

काय गेलं तेही सांगता येतं. मूळ पुस्तकात सात गोष्टी आहेत आणि त्यांतल्या फक्त तीन मोगलीच्या. उरलेल्यांत रिक्की-टिक्की-टावी नावाचं मुंगूस आहे, हत्तींचा नाच पाहणारा तूमाई आहे, लष्करी छावणीत रात्री गप्पा मारणारे खेचर, उंट, बैल आहेत, आणि चक्क बेरिंग समुद्रातला एक पांढरा सील आहे. जंगलाशी त्याचा काडीचाही संबंध नाही, म्हणून संक्षेप करणारा पहिली कात्री त्याच्यावर चालवतो. पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, दुसरं ‘जंगल बुक’ आलं. त्यात आठ गोष्टी, त्यांतल्या पाच मोगलीच्या. म्हणजे मोगलीची खरी कहाणी आठ गोष्टींची आणि दोन पुस्तकांत विभागलेली. बहुतेक बालआवृत्त्या शेरखान मेला की पडदा पाडतात. ती आठांतली तिसरी गोष्ट.

मोठ्या माणसानं वाचावं असं सगळं त्यानंतर आहे. शेरखानला मारून आल्यावर गाव मोगलीचा सत्कार करत नाही, चेटक्या म्हणून दगड मारून हाकलतं. दुसऱ्या पुस्तकात त्याला सांभाळणाऱ्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला गावकरी बांधून ठेवतात, तेव्हा मोगली हत्तींना बोलावून ते गाव उठवतो: आधी पिकं, मग साठवलेलं धान्य, मग घरं, आणि उरलेलं काम पाऊस करतो. ही गोष्ट दहाव्या वर्षी वाचली असती तर मजा वाटली असती. आता वाचताना कोणाची बाजू घ्यावी कळत नाही. रानकुत्र्यांच्या टोळीची गोष्टही त्यातच आहे. आपल्याकडे म्हादई-मोलेच्या रानात असतात तेच हे कोळसुंदे, आणि किपलिंगच्या गोष्टीत ते दख्खनमधून वर चढून जातात. थोडक्यात, तिथले आक्रमक आपल्याच बाजूचे! सिनेमामुळे का अजगर खलनायक म्हणून डोक्यात बसला असेल, तर पुस्तकात तो मोगलीचा जुना आणि भरवशाचा मित्र आहे, हेही धरून ठेवा.

वाचायचा क्रम असा ठेवा: पहिल्या पुस्तकातल्या तीन मोगलीकथा, मग लगेच दुसऱ्यातल्या पाच, आणि इतर सात सवडीनं. त्यानंतर ‘इन द रुख’ नावाची गोष्ट शोधा. ही १८९३ ची, म्हणजे दोन्ही पुस्तकांच्या आधीची. तिच्यात मोठा झालेला मोगली इंग्रजांच्या वनखात्यात नोकरीला लागतो. बालपुस्तकात ती कधीच नसते, कारण ती मुलांसाठी लिहिलेलीच नव्हती. साम्राज्याची सेवा करणारा लांडग्यांचा भाऊ पाहून माकडांच्या ‘बेशिस्त’ जमातीबद्दलचा किपलिंगचा तुच्छतेचा सूरही वेगळा ऐकू यायला लागतो.

आता पंचतंत्र. तुमचा ‘क्रूर’ हा शब्द मला बरोबर वाटतो, फक्त कारण वेगळं आहे. बालपंचतंत्रात गोष्टी सुट्या करून देतात. मुळात त्या एकमेकींच्या पोटात आहेत, आणि कोण कोणाला, कशासाठी सांगतोय यावर अर्थ ठरतो.

एकच उदाहरण जवळून पाहू. विहिरीत स्वतःचं प्रतिबिंब पाहून उडी मारणारा सिंह आणि त्याला फसवणारा ससा. शाळेत याचं तात्पर्य ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’. पहिल्या तंत्रात, मित्रभेदात, ही गोष्ट दमनक नावाचा कोल्हा आपला जोडीदार करटक याला सांगतो. दमनकाला पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री तोडायची आहे. हे तुला जमणार कसं, ही करटकाची शंका, आणि तिला उत्तर म्हणून हा ससा येतो. म्हणजे आपण लहानपणापासून ज्या सशासाठी टाळ्या वाजवल्या, तो एका कारस्थानी माणसाचा, सॉरी, कोल्ह्याचा युक्तिवाद आहे. तसंच पाचर उपटणाऱ्या माकडाचं. बालआवृत्तीत ती खोडकर मुलांना तंबी असते. मुळात करटक दमनकाला सांगतोय की राजाच्या भानगडीत नाक खुपसू नकोस, आपल्याला मिळतंय ते पुरे. दमनक ऐकत नाही, कारण त्याला पुरे वाटत नाही. कुठल्याही कचेरीत चालणारं हे संभाषण आहे.

आणि शेवट? पिंगलक संजीवकाला मारतो, मग पस्तावतो, दमनक त्याची समजूत काढतो आणि मंत्रिपदावर राहतो. दुष्टाला शिक्षा नाही. हे अनेकांना सोसवलं नसावं, कारण आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं पंचतंत्राच्या पहलवी (जुन्या फारसी) अनुवादावरून अरबी ‘कलीला व दिम्ना’ तयार केलं तेव्हा त्यात दिम्नावरच्या खटल्याचं एक जादा प्रकरण आलं, आणि तिथे त्याला शिक्षा होते. कलीला आणि दिम्ना म्हणजे आपलेच करटक आणि दमनक. मूळ संस्कृत ग्रंथाला अशी भरपाई करायची गरज वाटली नाही. अमरशक्ती राजाच्या तीन मठ्ठ पोरांना सहा महिन्यांत राज्यकारभार शिकवायचा, हे विष्णुशर्म्याचं घेतलेलं काम. सज्जन व्हायचं शिकवणं त्या करारात नव्हतं.

तेव्हा पंचतंत्र घेताना अनुक्रमणिका उघडा. मित्रभेद, मित्रसंप्राप्ती, काकोलूकीय, लब्धप्रणाश, अपरीक्षितकारक ही पाच नावं आहेत का? पहिल्या दोन पानांत अमरशक्ती येतो का? मधूनमधून श्लोक किंवा त्यांचे अर्थ आहेत का? तिन्हीला ‘हो’ असेल तरच घरी न्या. वाचताना एक कागद जवळ ठेवा आणि प्रत्येक गोष्टीपुढे फक्त ‘कोण → कोणाला’ एवढं लिहा. गोष्टीच्या आत गोष्ट तीन-चार पातळ्या खोल जाते. कागद नसेल तर पन्नासाव्या पानाला धागा सुटतो आणि वाचक ‘फार पसरट आहे’ म्हणून पुस्तक मिटतो. कासवाला काठीला धरून उडवणारे हंस घ्या: ती गोष्ट टिटवी आपल्या नवऱ्याला सांगतेय, आणि टिटवी स्वतः दुसऱ्याच कोणीतरी सांगितलेल्या गोष्टीतली आहे.

श्लोकांत बायकांबद्दल फार वाईट लिहिलेलं सापडेल. ते गाळलेली आवृत्ती शोधू नका. कोणाच्या तोंडी आहे ते पाहा आणि पुढे चला.

इसापनीतीचा कंटाळा मात्र वाचनपद्धतीचा आहे. मराठीत ती छापील पुस्तकांच्या अगदी सुरुवातीच्या काळात आली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ ची. पाच-सात ओळींच्या गोष्टी सलग तीस वाचणं म्हणजे जेवणाऐवजी लोणच्याची बरणी संपवणं. दिवसाला तीन पुरे. आणि तात्पर्यावर पोस्टकार्ड ठेवा. तात्पर्यं पुष्कळदा मागाहून चिकटवलेली असतात आणि गोष्टीशी जुळतातच असं नाही. आधी स्वतःचं तात्पर्य एका ओळीत लिहा, मग पोस्टकार्ड सरकवा. दोन्ही वेगळी निघाली तर ती गोष्ट परत वाचण्यासारखी आहे.

निराशेचं आणखी एक कारण कोणी बोलून दाखवत नाही. प्राणिकथा हा एकच प्रकार नाही, आणि एकाकडून दुसऱ्याची अपेक्षा केली की बिनसतं. पंचतंत्रातला मगर हा मगर नाहीच, तो बायकोच्या हट्टापुढे मित्राचा जीव द्यायला निघालेला गृहस्थ आहे. कुंभारजुव्याच्या कालव्यात खाऱ्या पाण्यात खऱ्या मगरी पाहिलेला माणूस तिथे मगरीचं वागणं शोधायला लागला, तर पुस्तकावर अन्याय होतो. दुसऱ्या टोकाला व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ आहे, १९८३ ची साहित्य अकादमी मिळवलेलं. वानरांच्या टोळीत सत्ता कशी बदलते एवढंच त्यात आहे. तिथे मुलांसाठी काही गोड करून ठेवलेलं नाही, आणि नीतीही सांगितलेली नाही. हेन्री विल्यमसनचं ‘टार्का द ऑटर’ (१९२७) याच घराण्यातलं. चोडणच्या खारफुटीत पहाटे हुदाळे, म्हणजे पाणमांजरं, पाहायला जाणाऱ्यांनी ते जरूर वाचावं. तिथली नदी इंग्लंडातली आणि हुदाळ्याची जातही निराळी, पण पाणी आणि मासा यांच्याभोवती फिरणारा दिवस ओळखीचा वाटेल.

किपलिंग आणि फेलिक्स साल्टनचा ‘बांबी’ (१९२३) हे या दोन टोकांच्या मधले. प्राणी बोलतात, पण भूक, भीती आणि वास त्यांच्या जातीचेच असतात. ‘बांबी’त सिनेमातला धमाल ससा शोधू नका. तिथे माणसांनी पाळलेलं, माणसांवर विश्वास ठेवून त्यांच्याच गोळीला बळी पडणारं एक हरीण आहे, आणि झाडावर उरलेली शेवटची दोन पानं एकमेकांशी बोलतात असं एक छोटं प्रकरण आहे. ते वाचून पुस्तक खाली ठेवावंच लागतं.

ॲना सिवेलची ‘ब्लॅक ब्यूटी’ (१८७७) तर मुलांसाठी लिहिलीच नव्हती; घोडे हाताळणाऱ्या माणसांनी वाचावी म्हणून लिहिली होती. घोडाच बोलतो. मालक बदलत जातो तसे चार भाग, एकूण ४९ लहान प्रकरणं. संक्षेपात आग आणि पुराच्या पुलाचे प्रसंग राहतात. ऐटीसाठी घोड्याची मान जबरदस्तीनं उंच ताणून ठेवणाऱ्या वादीबद्दलचा राग आणि भाड्याच्या गाडीवाल्याला रविवारची सुट्टी का हवी याची चर्चा मात्र उडते. पुस्तक लिहिलं गेलं ते नेमकं त्यासाठी. चार भाग चार बैठकांत वाचले की प्रत्येक मालक वेगळा लक्षात राहतो.

कुठून मिळवायचं? किपलिंग आणि सिवेल यांचा मूळ इंग्रजी मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर, त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. किपलिंग १९३६ ला गेला, म्हणजे तो केव्हाच मोकळा झालाय. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणजे २०११ पासून ‘श्यामची आई’ही मोकळी. यामुळे प्रती स्वस्त झाल्या, पण कोणीही काहीही कापून छापू शकतो हेही आलं. नव्या चकचकीत आवृत्तीचीही वर सांगितलेली तपासणी करा. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात, १८३२ पासूनच्या या जुन्या संस्थेत, बालविभाग चांगला आहे, पण पूर्ण अनुवाद बहुधा तिथे नसून अनुवादित साहित्याच्या कपाटात असतो. काउंटरवर ‘मुलांचं जंगल बुक’ न म्हणता ‘किपलिंगचा संपूर्ण अनुवाद’ म्हणा. ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन खुले केलेत. पुस्तकाचं नाव आठवत नाही, पण जाड पांढरा कागद आणि बर्फातले प्राणी आठवतात, असं कोणी म्हटलं तर तो शोध मॉस्कोच्या प्रगती किंवा रादुगा प्रकाशनाच्या मराठी पुस्तकांपासून सुरू करायचा.

वाचण्याआधी अर्ध्या पानावर ‘मला काय आठवतं’ ते लिहून काढा: प्रसंग, चित्र, शेवट. पुस्तक उघडल्यावर आठवण लगेच सारवासारव करायला लागते, म्हणून आधी. सुरुवात सगळ्यांत लाडक्या पुस्तकापासून करू नका. अर्धवट आठवणाऱ्यापासून करा, म्हणजे तुलनेचा भार कमी राहतो. आणि शक्य असेल तर मोठ्यानं वाचा, घरात कोणी ऐकायला असो वा नसो. मोठ्यानं वाचताना वीस मिनिटांत आठ-नऊ पानं होतात. मोगलीची एक गोष्ट दोन-तीन रात्रींत संपते. या गोष्टी कानासाठी रचलेल्या आहेत. ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ मनातल्या मनात वाचून बघा, काही हाती लागतं का. अनुवाद बरा की वाईट हेही जीभ चौथ्या ओळीला सांगते.

आता कसर. आधी खूण पाहा. पानाचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा, कडा कुरतडलेल्या असतील तर ती चंदेरी कसर. तिला बांधणीतली खळ आवडते. गोल, आरपार भोकं असतील तर भुंग्याची अळी. दोन्हींवर उपाय एकच. पुस्तक पूर्ण कोरडं असताना दोन प्लॅस्टिक पिशव्यांत हवा काढून घट्ट बांधा आणि घरच्या डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका. लगेच उघडली तर थंड पानांवर दंव धरतं आणि कसर गेली तरी बुरशी येते. बुरशी थंडीनं मरत नाही, नुसती झोपते. तिला आधी सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवायचं, मग नाकाला फडकं बांधून अंगणात मऊ ब्रशनं झाडायचं. ओल्यात पुसली तर डाग आत जातो. कडक उन्हात ठेवू नका, जुना कागद वाकतो आणि ठिसूळ होतो.

चांदोबाच्या अंकांच्या पिना आपल्या हवेत गंजतातच. बोथट पातळ पातं घालून त्या उघडा आणि त्याच भोकांतून सुती दोऱ्यानं तीन टाके घाला. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही नको. काही वर्षांत तो पिवळा पडून सुटतो आणि अक्षरं घेऊन जातो. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर सतत ढवळत आठ-दहा मिनिटं, पारदर्शक झाली की खळ तयार. दोन दिवसांत वापरा. त्यावर पातळ टिश्यूची पट्टी लावा. बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, कसर येऊ नये म्हणून. ते विष आहे, स्वयंपाकाच्या भांड्यात करू नका. पावसाळ्याचे चार महिने पेटी जमिनीवर नको आणि भिंतीला टेकवून नको. चवथीच्या सुमारास एकदा उघडून पानं चाळा.

तुमची ९६ पानी प्रत मात्र टाकू नका. तिच्यात मुंगसाची गोष्ट आहे का आणि शेवटचं वाक्य काय आहे, एवढं कळवलंत तर ती कुठल्या धाटणीचा संक्षेप आहे हे बरंचसं सांगता येईल.